दुपारच्या झोपेचं मॉडेल

माझ्या बायकोला झोपेचं दुकान काढायचं होतं. हे ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि विचारलं, "म्हणजे गाद्यांचं का?" गाद्यांचं नव्हे. गादी विकायची नाही, उशी विकायची नाही. दुपारी बाजारात दमून गेलेल्या माणसाने जिना चढून वर यावं, स्वच्छ कॉटवर तासभर डोळे मिटावेत, उठून तोंडावर पाणी मारावं, पैसे द्यावेत आणि पुन्हा आपल्या गल्ल्यावर जाऊन बसावं, असं ते दुकान. माल एकच, तो गिऱ्हाइकाने स्वतःच आणायचा आणि स्वतःच घेऊन जायचा. व्यवहार म्हणून हे ऐकायला जरा विचित्र वाटतं हे मलाही मान्य आहे, पण माझा मेव्हणा विमा विकतो, त्यामुळे मला अशा गोष्टींची सवय आहे.

ही कल्पना तिला कुठून सुचली हे विचारायची गरज नव्हती. ती सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. दुपारी त्या मोठ्या खोलीत ऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत असायचं, पंखे संथ फिरत असायचे आणि वर्तमानपत्रांवर डोकी टेकवून निम्मा बाजार झोपलेला असायचा. 'शांतता राखा' ही पाटी जगात एवढ्या मनापासून दुसरीकडे कुठे पाळली जात नसेल. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर टेबलावर पट्टी आपटली असती. ही काय करायची, तर खिडकीचा पडदा ओढायची आणि आपल्या खुर्चीत बसून कुठलं तरी पुस्तक अगदी हळू आवाजात वाचायची. स्वतःसाठी वाचत होते, असं ती म्हणते. निवृत्त झाल्यावर तिला पगाराची आठवण आली नाही, पुस्तकांचीही फारशी आली नाही. "ती माणसं आता कुठे झोपत असतील हो?" असं मात्र ती दुपारची भांडी आवरता आवरता विचारायची.

मग तिला खोली सापडली. बाजाराच्या मधोमध, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरची. लांबट, उंच छताची, एका बाजूला सगळ्या खिडक्या. मालकीणबाई खाली डोळ्याला भिंग लावून स्वतः घड्याळं दुरुस्त करायच्या. त्यांच्या दुकानातल्या कुठल्याही दोन घड्याळांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यामुळे तिथे शिरलं की नेमकी अशी कुठलीच वेळ नसायची आणि माणसाला उगाचच निवांत वाटायचं. खोलीवर शेजारच्या चपलावाल्याचाही डोळा होता. त्याला गोदाम हवं होतं. "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते," मालकीणबाई बायकोला म्हणाल्या, "त्यानंतर त्याचे खोके वर चढणार."

त्या संध्याकाळी बायको माझ्यासमोर येऊन बसली. नेहमी ती बोलताना हाताने काहीतरी करत असते. त्या दिवशी हात नुसते मांडीवर ठेवले होते.

"अहो, मला ती खोली घ्यावीशी वाटते. दोघांच्या शिलकीतून बरेच जातील, म्हणून विचारते. तुम्ही काय म्हणता?"

इथे एका अक्षरात उत्तर देता आलं असतं. "घे." पण मी डोळे बारीक केले, हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "आपण याचं मॉडेल करू या."

आता माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मीही निवृत्तच. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीच्या नियोजन विभागात मी होतो आणि तिथे माझं खास काम होतं सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत ही कातडीची काहीतरी तक्रार वाटत होती आणि त्या मला भेटल्या की गार पाण्याने आंघोळ करायला सांगत. प्रत्यक्षात प्रकार सोपा आहे. कुठल्याही धंद्याचं मॉडेल म्हणजे अंदाजांची उतरंड. इतकी गिऱ्हाइकं येतील, इतकं भाडं जाईल, इतकी वीज लागेल, आणि तळाला नफा. त्यातला एकच अंदाज घ्यायचा, थोडा वर करायचा, थोडा खाली करायचा, बाकीचे जागच्या जागी धरून ठेवायचे आणि तळाचा नफा किती हलतो ते बघायचं. मग दुसरा अंदाज, मग तिसरा. ज्याच्यामुळे नफा सर्वांत जास्त हलला त्याची पट्टी सर्वांत लांब आणि सर्वांत वर, त्याखाली त्याहून आखूड, असं चित्र काढायचं. वरच्या दोन-तीन पट्ट्यांची काळजी करायची आणि खालच्यांना खुशाल विसरून जायचं.

एकदा कंपनीत सगळे साहेब पत्र्याच्या भावावरून हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा मी दाखवून दिलं की आपला नफा पत्र्याने हलत नाही, झाकणाने हलतो. झाकण नीट बसलं नाही की अख्खा डबा परत येतो. त्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला प्रथमच नावाने हाक मारली. नाव चुकीचं होतं, पण हाक मारली. निवृत्तीनंतर मला कोणी कसलंच विश्लेषण विचारलं नव्हतं. दूधवालाही नाही.

"म्हणजे एकेकाला हलवून बघायचं, कोणामुळे घर हलतं ते?" बायकोने विचारलं.

"घर नव्हे, नफा."

"बरं. महिनाअखेरपर्यंत होईल ना हलवून?"

"आठवड्याभरात होईल," मी म्हणालो आणि जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला. तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागलो.

पहिल्या दिवशी माझं मॉडेल फार देखणं होतं. मोजक्या ओळी, सरळ बेरीज. वास्तविक तिथेच थांबायचं. पण मी त्याची एक प्रत वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांना दाखवली. सल्ला हवा होता म्हणून नव्हे, कौतुक हवं होतं म्हणून. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, प्रत वाचली आणि लाल शाई मागितली.

"घोरणाऱ्यांचं काय?"

"घोरणाऱ्यांचं?"

"एक माणूस घोरला की शेजारचे चौघे उठणार. ते पैसे परत मागणार. तुम्ही घोरणं धरलेलंच नाही. दहापैकी तीन." हे त्यांनी मला दिलेले गुण होते.

मी घोरण्याची ओळ वाढवली. मग समोरच्या ब्लॉकमधल्या, शिवणकाम करणाऱ्या वहिनी पडद्याचं कापड दाखवायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, सगळं पडद्याच्या रंगावर असतं बघा. आमच्या सासऱ्यांना पिवळ्या पडद्यात डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि निळा लावला तर उठायचं नाव घ्यायचे नाहीत." पडद्याची ओळ वाढली. त्यांनीच जाता जाता उशीची जाडीही वाढवून ठेवली. रविवारी मेव्हणा आला. त्याने मॉडेल वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "आणि एखादा उठलाच नाही तर?" मी म्हणालो, "उशिरा उठेल." तो म्हणाला, "मी उशिराचं बोलत नाहीये, भाऊजी." बायकोने त्याला तिथून उठवून दळण आणायला पाठवलं, पण ती ओळ मी घातलीच.

आठवडा संपला तेव्हा मॉडेल संगणकाच्या पडद्यावर मावत नव्हतं. "झालं का?" बायको दुपारी विचारायची. "होत आलं," मी म्हणायचो. ती खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहायची आणि मग आत जायची.

यात परवान्याची ओळ राहिली होती, म्हणून मी पालिकेच्या कचेरीत गेलो. तिथे एका लांब टेबलामागे एक सज्जन कारकून बसले होते. आवाज इतका मऊ की त्यांच्याशी भांडण सुरूच करता येईना. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक जाड नियमावली उघडली.

"लॉज म्हणून द्यायचं तर माणूस रात्री राहायला हवा."

"रात्री कोणी नाही. फक्त दुपारी."

"मग दवाखाना. पण त्यासाठी त्याला काहीतरी झालेलं हवं."

"झोप आलेली असेल."

त्यांनी तोही भाग चाळून बघितला. झोप येणं आजारांत बसत नव्हतं, न येणं बसत होतं. "न येणाऱ्यांसाठी काढा की," ते म्हणाले, "लगेच देतो." मी म्हणालो, येणाऱ्यांसाठीच आहे. मग त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक झाड होतं आणि त्याची सावली कचेरीच्या भिंतीवर हलत होती. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "प्रतीक्षालयात बसवता येईल. बसायची-पडायची सोय, दिवसा, शुल्क घेऊन. फक्त लोक तिथे कशाची वाट बघणार ते लिहावं लागेल."

मी विचार केला आणि म्हणालो, "जाग येण्याची."

"लिहा," ते म्हणाले.

तर परवान्याचं घोडं असं अनपेक्षितपणे गंगेत न्हालं. घरी येऊन मी विजयी मुद्रेने ही बातमी दिली. बायकोचा चेहरा उजळला. "मग घेऊ या ना खोली?" मी तिला समजावलं की परवाना ही फक्त एक ओळ, आता बाकीचे अंदाज हवेतले नकोत, मोजलेले हवेत. त्यासाठी प्रयोग करावे लागतील. तिचा चेहरा पुन्हा होता तसा झाला, ते मला दिसलं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात उशीची जाडी होती.

प्रयोग आमच्या बाहेरच्या खोलीत सुरू झाले. झोपणारी मंडळी तीन: हेडमास्तर, वहिनी आणि मेव्हणा. हेडमास्तर सोफ्यावर, वहिनी दिवाणावर, मेव्हणा जमिनीवर सतरंजी टाकून. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर हातात घड्याळ घेऊन, मांडीवर तक्ता घेऊन. नियम असा की रोज एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी जाड उशी, दुसऱ्या दिवशी पातळ, तिसऱ्या दिवशी पिवळा पडदा, मग निळा, मग पंखा जोरात, मग पंखा बंद. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मधमाश्या पाळण्याविषयीचं एक जुनं, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक हळू आवाजात वाचत असायची. वाचनालयाने रद्दीत काढलं होतं, तिने घरी आणलं. मी तिला सांगितलं, तू वाच खुशाल, त्याने प्रयोगात काही फरक पडत नाही.

पहिल्याच दुपारी गंमत झाली. मंडळी आडवी झाली, मी घड्याळ सुरू केलं. बाहेर रस्त्यावर कुठेतरी कोणी लोखंडी दार ओढत होतं, त्याचा आवाज लांबत लांबत गेला. ऊन फरशीवर आलं. मधमाश्या फुलं बदलत नाहीत, बायको वाचत होती, एका दिवशी एकाच जातीच्या फुलावर जातात. हे किती शहाणपणाचं आहे, असं मला वाटलं. मी पण रोज एकच गोष्ट बदलतो. त्यानंतर मला एक मोठं, पिवळं, गुणगुणणारं कुरण दिसलं आणि त्यात मोठे साहेब झाकणं वेचत फिरत होते.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. हेडमास्तर मला हलवत होते. "पर्यवेक्षकच झोपला तर परीक्षा रद्द होते," ते म्हणाले. तक्त्यावर निरीक्षणाच्या रकान्यातून माझ्या पेनची एक लांब रेघ खाली घसरत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलाऐवजी टेबलाची कड घेतली. तिसऱ्या दिवशी उभा राहिलो. उभ्याने भिंतीला टेकून माणूस इतका गाढ झोपू शकतो हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी पुढे ही गोष्ट जिन्यात सगळ्यांना सांगितली, वर माझी नक्कलही करून दाखवली, त्याबद्दल मी काही बोलत नाही. नियोजन विभागातल्या माणसाची अशी शोभा व्हावी याचं वाईट मात्र वाटलं.

तरी हाती आलं ते मी मॉडेलमध्ये भरलं आणि पट्ट्यांचं चित्र काढलं. बघून मला घामच फुटला. सगळ्या पट्ट्या आखूड! उशी जाड असो, पातळ असो, पडदा पिवळा असो, निळा असो, मंडळी झोपतच होती. हेडमास्तर घोरले तरी वहिनी झोपत होत्या. पंखा बंद केला तरी मेव्हणा घामेजून झोपत होता. नफा जागचा हलेना. माझ्या उभ्या आयुष्यात असा निकाल आला नव्हता. कशानेच न हलणारा धंदा असतो कुठे? याचा अर्थ एकच, माझ्या ओळी कमी पडत होत्या. मी आणखी वाढवायला घेतल्या.

"झालं का?" बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"हे बघ, अजून चादरीचा पोत..."

ती संगणकाच्या पडद्यावर वाकली. तिने मॉडेल याआधी कधी नीट बघितलंच नव्हतं. बोटाने ती एकेक ओळ वाचत खाली गेली. अगदी खाली काही ओळी मी राखाडी रंगात ठेवल्या होत्या. तिथे तिचं बोट थांबलं. भिंती. जिना. दरवाजा. पत्नी.

"मी राखाडी का?"

"ज्या गोष्टी बदलायच्या नाहीत त्या राखाडी," मी सांगितलं. "तू असणारच आहेस. तुला हलवून बघायची गरज नाही. हा खरं म्हणजे तुझा गौरव आहे."

तिने दरवाजा आणि पत्नी या दोन ओळींकडे पुन्हा एकदा बघितलं. "असं होय," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने पिशवी घेतली आणि चपला घातल्या. "मी जरा बहिणीकडे जाऊन येते. तुमचं चालू द्या."

मी चालू दिलं. त्या दिवशी चादरीचा प्रयोग होता. मंडळी आपापल्या जागी आडवी झाली, मी घड्याळ सुरू केलं. आणि काहीच होईना. हेडमास्तरांनी कूस बदलली. वहिनींनी डोळे उघडून छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या छताला तडा गेलाय हो." मेव्हणा उठून बसला. मग खिडकी उघडी हवी की बंद यावरून हेडमास्तरांचं आणि वहिनींचं जुंपलं, त्यात जिन्यातल्या जुन्या भांडणाची भर पडली, आणि ते मिटवण्याच्या निमित्ताने मेव्हण्याने हेडमास्तरांच्या गळ्यात एक पॉलिसी मारली. मी पहिल्यांदाच सगळा वेळ टक्क जागा होतो. मी तक्त्यावर लिहिलं: चादर खरखरीत.

बायको संध्याकाळी परतायची आणि दुपारी पुन्हा बहिणीकडे म्हणून निघायची. दुसऱ्या दिवशी मऊ चादर आणली. तेच. तिसऱ्या दिवशी जाड उशी, निळा पडदा, मंद पंखा, मऊ चादर, सगळं उत्तमातलं उत्तम मांडलं. हेडमास्तर छताकडे बघत पाढे म्हणू लागले. वहिनी म्हणाल्या, "आज काही मजा नाही, भाऊजी," आणि शिवण घेऊन बसल्या. माझी खोली मला अनोळखी वाटायला लागली. ऊन तसंच आलं होतं, पण ते नुसतंच फरशीवर पडलेलं होतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

मी त्या खुर्चीकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग उठलो, संगणकाकडे गेलो आणि या तीन दुपारचे आकडे भरले. राखाडी ओळीत शिरलो आणि पत्नीच्या पुढचा एक काढून तिथे शून्य घातलं. तळाला नफा म्हणून जे दिसलं ते मी कुठल्याच डब्याच्या बाबतीत पाहिलेलं नव्हतं. पट्टी चित्राच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे कापली गेली. बाकीच्या साऱ्या ओळी, ज्यांच्यासाठी मी महिनाभर घर वेठीला धरलं होतं, खाली मुंग्यांएवढ्या दिसत होत्या.

"आज तारीख काय?" मी ओरडलो.

"महिन्याची शेवटची," हेडमास्तर म्हणाले. "का?"

मी मेव्हणीला फोन लावला. "ताईला दे जरा." "ताई? ती तर महिनाभर इकडे फिरकलेली नाही. भाऊजी, भांडलात का तुम्ही?" मी फोन ठेवला आणि तसाच घरच्या पायजम्यात निघालो.

बाजारात दुपारची वेळ होती. दुकानदार गल्ल्यावर डुलक्या काढत होते. एकाचं डोकं काउंटरवर हळूहळू खाली येत होतं, पुन्हा दचकून वर जात होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा ती माणसं दिसली. बायको विचारायची ती हीच. घड्याळाच्या दुकानापाशी आलो तर जिन्याच्या तोंडाशी हातगाडी उभी होती आणि तिच्यावर चपलांचे खोके रचलेले होते. मी धावतच दुकानात शिरलो.

मालकीणबाईंनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. "खोलीचं विचारताय? किल्ली दिली मी."

"चपलावाल्याला?"

त्यांनी एक बारीक चाक चिमट्याने उचललं, जागेवर बसवलं आणि मगच बोलल्या. "एका बाईंना. रोज दुपारी येतात, झाडलोट करतात, वर जाऊन बसतात. सही मात्र करत नाहीत. घरून उत्तर यायचंय म्हणतात. मी म्हटलं, अहो, तुमची तुम्ही करा की. तर म्हणतात, करेन हो, पण त्यांनी म्हटल्यावर. आज संध्याकाळी हे खोके वर जाणार. मी त्याला शब्द दिलाय."

"आत्ता किती वाजले?"

त्यांनी भोवतालच्या घड्याळांकडे हात केला. "यातलं तुम्हाला सोयीचं वाटेल ते घ्या."

मी जिना चढलो. खोली स्वच्छ झाडलेली होती आणि काचांमधून ऊन आत आलं होतं. खिडकीपाशी एका खुर्चीत बायको बसली होती, मांडीवर मधमाश्यांचं पुस्तक. समोरच्या भिंतीला टेकून, हातात मोजपट्टी तशीच धरून, चपलावाला गाढ झोपला होता.

"खोके मावतील का बघायला आला होता," ती कुजबुजली. "तुम्ही पायजम्यात?"

"मॉडेल झालं," मी धापा टाकत म्हणालो.

"हळू बोला."

"झालं," मी हळू म्हणालो. "सगळ्या पट्ट्या खोट्या निघाल्या. एकच खरी आहे. तुझी ओळ शून्य केली की नफा..."

"अहो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आकडे नकोत. मला एवढंच सांगा, घेऊ की नको?"

मग मात्र माझ्याकडे कुठलीच ओळ उरली नाही. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. बाहेर बाजार निवांत पडला होता आणि खालची घड्याळं आपापल्या मताने टोले देत होती.

"घे," मी म्हणालो. "मला भीती वाटत होती. नुकसानीची नाही. तू रोज दुपारी इथे येणार. आणि मी घरी एकटा काय करणार, ते मी मांडलंच नाही कुठे. मांडलं असतं तर वरची पट्टी तीच निघाली असती."

तिने पदराने डोळे पुसले आणि ग्रंथपालांच्या आवाजात म्हणाली, "तर तुम्हाला काम लागेल."

"कसलं?"

"लोकांना वेळेवर उठवायचं. मी वाचत असणार, मला जमणार नाही. कोणीतरी जागं राहायला हवं."

माझा प्रयोगातला अनुभव तिला माहीत होता. चपलावाला झोपेतच हसला असं मला वाटलं, पण तो माझा संशय असेल. आम्ही खाली जाऊन सह्या केल्या. खोके मालकीणबाईंनी मागच्या अंगणात ठेवून घेतले, आणि चपलावाल्याची हरकत विचारायला कोणी त्याला उठवलं नाही.

प्रतीक्षालय सुरू झालं त्या दुपारी मी चांगला शर्ट घातला होता. कॉट ओळीने मांडलेल्या, पडदे निळे आणि पिवळे दोन्ही, कारण वहिनींनी दोन्ही शिवले होते आणि कुठल्याच रंगाने काही बिघडत नाही हे माझ्याकडे आकड्यांनिशी होतं. कापडवाले आले, औषधवाले आले, हेडमास्तर मासिक पास मागत आले. पालिकेचे ते मऊ आवाजाचे कारकून पाहणीसाठी म्हणून आले, बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. चपलावाला सर्वांत आधी येऊन सर्वांत लांबची कॉट पकडून बसला होता. कोणाला कधी उठवायचं त्याचा कागद माझ्या खिशात होता. मी स्टुलावर ताठ बसलो, स्वतःला चिमटे काढत.

बायकोने पुस्तक उघडलं. पहिल्या पानातच कॉटवरचे खांदे सैल पडायला लागले. मी मात्र जागा राहिलो. कसा ते सांगतो. इतके दिवस मी तिचा आवाज ऐकत होतो, ती काय वाचते ते त्या दिवशी पहिल्यांदा मन लावून ऐकलं. पोळ्यात माशी आत आली की बाकीच्या तिला वाट कशी देतात. थंडीत त्या एकमेकींना चिकटून कशा बसतात, आणि कडेच्या माश्या हळूहळू मध्ये येतात, मधल्या कडेला जातात, म्हणजे कोणीच एकटी गारठत नाही. मला हे घरी कधी ऐकू कसं आलं नाही, असं वाटत होतं. मी पुढे वाकून ऐकत राहिलो.

मग तिचा आवाज जरा ओढल्यासारखा झाला. एक वाक्य लांबलं. पुढचं अर्ध्यावरच राहिलं. मी बघितलं तर तिचं डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं. आधी महिनाभर घरी आणि मग इथे झाडलोट करत ती वाट बघत बसली होती, आणि रात्रीही तिचा डोळा लागलेला नसणार. खोलीत शांतता पसरली आणि लगेच एक कॉट करकरली. कापडवाला हलला. हेडमास्तर खाकरले. चपलावाल्याने एक डोळा उघडला.

मी चवड्यांवर चालत गेलो. तिच्या हातातून पुस्तक अलगद काढून घेतलं, बोट जिथे होतं ती ओळ शोधली आणि वाचायला लागलो. माझा आवाज जन्मभर डबे मोजलेला आहे, त्याला चढउतार नाहीत. पण चपलावाल्याने डोळा मिटला, हेडमास्तरांनी कूस बदलली आणि कॉट गप्प झाल्या. मी खिशातला कागद काढून बघितला. कोणाला उठवायची वेळ अजून झालेली नव्हती, आणि तिचं नाव त्यात नव्हतंच. मी आवाज आणखी थोडा खाली आणला आणि पान उलटलं.